शेवटच्या भाऱ्यातला विळा

मी एक विळा बोलतोय. भिवंडी तालुक्यातल्या एका गावात, लादी बसवलेल्या स्वच्छ खोलीत, खिडकीशेजारच्या खिळ्यावर मी सध्या टांगलेला आहे. खिडकीतून रस्ता दिसतो आणि वडप्याकडे रांगेने जाणारे कंटेनर दिसतात. विळ्याने राहावं अशी ही जागा नव्हे, पण माझी तक्रार नाही. याआधी सात वर्षं मी एका घराच्या वळचणीला खोचून पडलो होतो. का पडलो होतो, तेवढंच मला सांगायचं आहे. सांगायला आता उशीर झालाय, हे मला कळतं.

माझं लोखंड आधी ट्रकचं होतं. ट्रकच्या चाकावर जे पाटे असतात ना, ओझं झेलणारे, त्यातला मी एक पाटा. वडप्याजवळ एका खड्ड्यात ट्रक आदळला आणि मी तुटलो. ड्रायव्हरने नवा पाटा बसवला आणि मला रस्त्याकडेला टाकून तो निघून गेला. तिथून मला केसरीनाथ नावाच्या शेतकऱ्याने उचललं. खांद्यावर टाकून तो मला भिवंडीच्या निजामपुऱ्यात एका म्हाताऱ्या लोहाराकडे घेऊन गेला. लोहाराने मला हातात तोलून पाहिलं आणि म्हणाला की लोखंड चांगलं आहे, एकाचे दोन विळे होतील.

केसरीनाथच्या घरी विळा धरणारी बाई एकच, त्याची बायको पुतळाबाई. तिने दुसरा विळा कुणाला द्यायचा याचा विचारसुद्धा केला नाही. बांधापलीकडच्या शेतातल्या राहीबाईला हाक मारली, आणि दुसऱ्या दिवशी दोघी टमटममध्ये बसून भिवंडीला आल्या. भट्टीसमोर उकिडव्या बसून दोघींनी आम्हाला तयार होताना पाहिलं. एकाच पाट्याचे दोन भाऊ, एकाच आकाराचे, एकाच वजनाचे. राहीबाईचा नवरा काळूराम हाताने कसबी. त्याने सागाच्या एकाच फांदीच्या दोन मुठी करून आम्हाला बसवल्या. मग ओळखायचं कसं? राहीबाईचा मुलगा हरेश तेव्हा शेलारला कापडाच्या लूमवर कामाला लागला होता. तो घरी येताना वाया गेलेल्या धाग्याचे गुंते आणायचा. त्यातला हिरवा धागा पुतळाबाईने माझ्या मुठीला गुंडाळला, आणि लाल धागा राहीबाईने माझ्या भावाच्या मुठीला.

पुतळाबाई डावरी होती. मी तिच्या डाव्या हातात असायचो. लग्न होऊन आली तेव्हा तिची सासू या डाव्या हातावरून तिला फार बोलायची. राहीबाई मात्र या गोष्टीवर खूश होती, आणि त्याला कारण होतं. डावरी आणि उजवी अशा दोघी शेजारी शेजारी वाकल्या की दोघींचे विळे बाहेरच्या बाजूला राहतात आणि भाताची मूठ धरणारे हात आतल्या बाजूला. कोपराला कोपर लागत नाही. इतर बायकांना एकमेकींपासून लांब राहून कापावं लागायचं. या दोघी खांद्याला खांदा लावून कापायच्या आणि सबंध वेळ बोलत राहायच्या. भावाचं लग्न, सुनेचा स्वभाव, सुकटीचा भाव, कुणाच्या म्हशीला काय झालं. दोन भात-हंगामांत एखाद्या गावाची जेवढी माहिती व्हावी तेवढी मला झाली.

आमच्याकडे कापणीला सावड असते. म्हणजे आज आम्ही सगळे मिळून तुमचं भात कापायचं, उद्या तुम्ही सगळ्यांनी आमचं. मजूर लावायचे नाहीत. ज्याचं शेत असेल त्याने दुपारची भाकरी घालायची, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेली सुकट. राहीबाईचं शेत वरच्या अंगाला, तिचं भात आधी पिकायचं. पुतळाबाईचं शेत खाली ओहोळाच्या काठाला, तिथे पाणी उशिरापर्यंत टिकायचं, म्हणून तिचं गरवं भात आठ-दहा दिवसांनी तयार व्हायचं. त्यामुळे आधी राहीबाईकडे, मग पुतळाबाईकडे, असा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला.

आणि या दोघींचा आपापसात एक नेम होता. सबंध शेत कापून झालं की एका कोपऱ्यात भाताची एक मूठ उभी ठेवायची. ती शेवटची मूठ शेताच्या मालकिणीने कापायची नाही. राहीबाईच्या शेतातली पुतळाबाईने कापायची, पुतळाबाईच्या शेतातली राहीबाईने. हा नेम कुठून आला ते मला ठाऊक नाही. बहुतेक पहिल्या वर्षी थट्टेत सुरू झाला असावा. पण पुढे त्याचं असं झालं की ती मूठ कापल्याशिवाय शेत निघालं असं दोघींपैकी कुणालाच वाटेना.

अशी वीसेक वर्षं गेली. माझी धार दगडावर घासून घासून पातं अर्धं झालं. माझ्या मुठीवर पुतळाबाईच्या डाव्या अंगठ्याची एक खळगी पडली. तो अंगठा त्या खळगीत बसला की मला बरं वाटायचं. श्रावणात मी गवत कापलं, पावसाळ्यात बांधावरची झुडपं तोडली, एकदा केसरीनाथने मला नारळ सोलायला घेतलं आणि पुतळाबाईची बोलणी खाल्ली. एकदा मी पुतळाबाईचं बोटही कापलं. तिने माझ्याकडे पाहून "तुला डोळे न्हाईत काय रं," एवढंच म्हटलं आणि बोट तोंडात घालून पुन्हा कामाला लागली.

आता त्या दिवसाचं सांगतो.

राहीबाईच्या शेतातला तो शेवटचा दिवस होता. कापलेलं भात आमच्याकडे दोन दिवस शेतातच पसरून वाळवतात आणि मग भारे बांधतात. तसं ते पसरलेलं होतं. दुपार कलली आणि माहुलीच्या डोंगराच्या बाजूने आभाळ भरून आलं. दिवाळीच्या तोंडावरचं आभाळ, त्याचा भरवसा काय. सगळ्यांची एकच धांदल उडाली. हातातलं काम टाकून जो तो भारे बांधायला धावला. काळूराम आणि हरेश भारे डोक्यावर घेऊन खळ्याकडे पळायला लागले.

त्या गडबडीत पुतळाबाईला शेवटची मूठ आठवली. कोपऱ्यात उभी होती. ती धावत गेली, मला चालवलं, मूठ कापली आणि शेजारच्याच अर्धवट भाऱ्यावर ठेवली. मग पेंढ्याचा बंद पिळायला तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. एरवी ती मला कमरेला मागच्या बाजूला खोचायची. त्या दिवशी तिने मला क्षणभर भाऱ्यावरच ठेवलं. गुडघा देऊन भारा आवळला, डाव्या हाताने बंद पिळून खालून खोचला आणि "हरेश, ह्यो घे रं," अशी हाक मारून ती पुढच्या भाऱ्याकडे गेली.

मी त्या भाऱ्याच्या पोटात होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. हरेशने भारा उचलला. माझं टोक आतल्या बाजूला होतं, म्हणून त्याला लागलं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढे अनेकदा वाटलं.

पाऊस त्या दिवशी पडलाच नाही. आभाळ नुसतं गडगडून गेलं.

खळ्यावर भाऱ्यांची उडवी रचली. उडवी म्हणजे भाऱ्यांचा गोल ढीग, वर निमुळता, पाणी आत जाऊ नये असा. भात झोडायचं ते सगळी कापणी झाल्यावर, पुढच्या महिन्यात. मी उडवीच्या मधोमध काळोखात पडून राहिलो. बाहेरचं दिसत नव्हतं, पण ऐकू यायचं. संध्याकाळी पुतळाबाई मला शोधत फिरत होती. राहीबाईसुद्धा तिच्याबरोबर होती. दोघींनी चिखल चाचपला, बांध पाहिला, ओहोळापर्यंत जाऊन आल्या. राहीबाई म्हणाली की मिळंल, जातोय कुठं, विळ्याला पाय थोडेच फुटले. दुसऱ्या दिवशीही शोधलं. तिसऱ्या दिवशी पुतळाबाईने बाजारातून एक नवा पातळ विळा आणला.

भाऱ्यात पाहायचं मात्र कुणाला सुचलं नाही. कारण विळा भाऱ्यात बांधणं ही नवख्या पोरीची चूक. वीस वर्षं कापणी केलेल्या बाईच्या हातून ती होईल असं तिचं तिलासुद्धा वाटलं नाही.

आठ दिवसांनी पुतळाबाईच्या शेतात कापणी लागली. तिचं शेत राहीबाईच्या खळ्याला लागूनच. बांधावरून मारलेली हाक मला उडवीत ऐकू यायची. सकाळी सात-आठ बायका जमल्या. हसणं चाललं होतं. मग हसणं थांबलं आणि पुतळाबाईचा आवाज आला.

"राहीबाई, तुज्या हातातला विळा कुनाचा गो?"

एकमेकींना त्या राही आणि पुतळे म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी 'राहीबाई' ऐकलं.

"कुनाचा म्हंजे? माजा."

"तुज्या विळ्याला लाल धागा व्हता."

"व्हता. सडला, म्हनून काढला. हरेशनं काल नवा आनला, त्यो हिरवा निघाला. लूमवर जो धागा चाललाय त्योच येनार ना, माज्या आवडीचा थोडाच येनार?"

कुणीतरी बाई हसली. त्या हसण्याने बिघडलं असं मला वाटतं. पुतळाबाईला वाटलं असावं की आपल्याला हसतात. माझ्यासाठी ती आठ दिवस हळहळत होती. बाजारच्या विळ्याने तिच्या हाताला फोड आले होते. समोर तोच आकार, तीच मूठ, वर हिरवा धागा.

"मागितला असतास तरी दिला असता," ती म्हणाली. "चोरायचा कशाला?"

मग दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखला. तो माझा भाऊ होता.

"घे. तुजाच हाय," राहीबाई म्हणाली. "आनि तुजी शेवटची मूठ आता तूच काप."

राहीबाई गेली. तिच्यामागून काळूराम गेला, हरेश गेला. तिच्या भावकीतल्या दोन बायकाही गेल्या. उरलेल्यांनी कापायला सुरुवात केली, पण त्या दिवशी बांधावर कुणी बोललं नाही. भाकरी खातानाही नाही.

राहीबाई खळ्यावर येऊन उडवीला टेकून बसली. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. ती मोठ्याने रडली नाही. नाक ओढत राहिली, आणि काळूरामला पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली, की तिने विळ्याची मूठ तरी बघायची, खळगी कुठल्या अंगाला आहे ते बघितलं असतं तर कळलं नसतं का. काळूराम म्हणाला, तू दाखवायची होतीस. ती म्हणाली, मी का दाखवू?

पुतळाबाईचं ते भात धड निघालंच नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्याही आल्या नाहीत आणि चार दिवसांचं काम नवरा-बायकोवर आलं. मजूर शोधायला केसरीनाथ वडप्याला गेला, पण गोडाऊनची हजेरी सोडून चिखलात कोण येणार? भात उभ्या उभ्या झडायला लागलं. पाचव्या दिवशी खरोखरचा पाऊस आला आणि दोन दिवस पडला. मी उडवीत कोरडा होतो. ओहोळाकाठचं भात मात्र आडवं झालं, पाण्यात बसलं आणि त्याच्या लोंब्यांना मोड आले. राहीबाई खळ्याच्या कडेला उभी राहून ते पाहायची. एकदा ती काळूरामला म्हणाली, "जाऊ का?" काळूराम उडवीवरचा पेंढा सारखा करत राहिला. ती गेली नाही.

पुढच्या महिन्यात राहीबाईने भात झोडायला घेतलं. एकेक भारा उचलायचा आणि मोठ्या दगडावर आपटायचा. माझा भारा तिच्याच हातात आला. पहिल्याच फटक्याला मी दगडावर वाजलो, भारा फुटला आणि मी उडून तिच्या पायाशी पडलो. पडताना तिच्या तळव्याला कापून गेलो. इतकी वर्षं मी तिच्या शेतात राबलो, आणि तिला पहिली जखम केली ती त्या दिवशी.

तिला रक्ताचं भान नव्हतं. तिने मला उचललं. अंगठ्याची खळगी कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं. मग खाली वाकून ती पेंढा उलथापालथा करायला लागली.

"बंद कुठं हाय? ह्या भाऱ्याचा बंद कुठं गेला?"

तिला डावा पीळ हवा होता. पुतळाबाईचा बंद सगळ्यांपेक्षा उलटा पिळलेला असायचा. गावातली कुठलीही बाई तो पाहून सांगू शकली असती की हा भारा कुणी बांधला. पण फटक्याबरोबर बंद सुटला होता. आधीच्या पन्नास भाऱ्यांच्या बंदांबरोबर तोही पायाखाली गेला होता, आणि बाजूला म्हैस चरत उभी होती.

काळूरामने मला हातात घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "आता नेऊन दिलास तर ती काय म्हनंल? म्हनंल, बघा, होता ना हिच्याच घरात. भीती वाटली म्हनून आनला."

राहीबाईने मला धुतलं, फडक्यात गुंडाळलं आणि घराच्या वळचणीला खोचून ठेवलं.

तिथे माझी सात वर्षं गेली. पावसाळ्यात फडकं ओलं व्हायचं आणि मला गंज चढायचा. दसऱ्याला राहीबाई मला खाली काढायची. घरातली अवजारं देवापुढे मांडली जायची, त्यांच्यात मलाही ठेवायची, हळदकुंकू लावायची आणि पूजा झाली की पुन्हा फडक्यात. तिच्याकडे स्वतःचा विळा राहिला नव्हता. तिने बाजारचे दोन वापरून मोडले, पण माझा उपयोग एकदाही केला नाही. मला ते फार लागलं. आणि तिचं बरोबर होतं हेही कळत होतं.

सावड मोडली ती मोडलीच. दोन घरांमुळे सगळ्या आळीची घडी विसकटली. दुसऱ्या वर्षी केसरीनाथने शेत लावलंच नाही. तिसऱ्या वर्षी त्याने ते गोडाऊनवाल्याला दिलं. डंपर आले. मुरमाचा भराव पडला. वळचणीतून मला तो आवाज रात्रंदिवस ऐकू यायचा. नंतर निळ्या पत्र्याचं मोठं छप्पर उभं राहिलं. पुतळाबाईचं कौलारू घर गेलं, लादीचं घर आलं. काळूराम एका उन्हाळ्यात वारला. पुतळाबाई तेव्हा आली होती. बायकांच्या गर्दीत मागे बसली, राहीबाईकडे बघत राहिली आणि न बोलता उठून गेली. हरेशची लूम बंद पडली. तो आता गोडाऊनमध्ये ड्युटीला जातो, पुतळाबाईच्या शेतावर जे गोडाऊन आहे त्यातच.

या वर्षी हरेशने राहीबाईचं भात कापायला मशीन आणलं. सकाळी नऊला मशीन शेतात उतरलं आणि जेवणाच्या आधी सगळं आटोपलं. राहीबाई विळा घेऊन बांधावर उभी होती, ती तशीच परत आली. दुपारी काय करावं हे तिला कळेना. कापणीच्या दिवसांत दुपारी घरात बसण्याची तिला सवयच नव्हती.

हरेशची बायको रीमा दिवाळीची साफसफाई करत होती. वळचणीचं फडकं तिने ओढलं आणि मी तिच्या हातात आलो. दारात भंगारवाला उभा होता. जुना पंखा, फुटकी बादली आधीच बाहेर काढलेली. रीमाने मलाही त्यावर ठेवलं.

भंगारवाल्याने मला उचलून नख लावून पाहिलं. "ये तो ट्रक का पाटा है, भाभी," तो म्हणाला. "आजकल ऐसा लोहा नहीं मिलता."

राहीबाई आतून धावत आली. मी तिला इतकं धावताना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, त्या ढगांच्या दिवशी. तिने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं.

रीमा म्हणाली, "आई, गंजलाय तो. एवढा जपताय, कुणाचा आहे?"

सात वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. राहीबाईने मला पदराने पुसलं.

"पुतळीचा," ती म्हणाली. तिने पायात चपला घातल्या आणि निघाली.

पुतळाबाई ओट्यावर एकटी बसली होती. राहीबाईने मला तिच्यापुढे लादीवर ठेवलं. वाटेत तिने मनात काय काय जुळवलं असेल, त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडून आलं नाही.

"तुज्याच भाऱ्यात व्हता," ती एवढंच म्हणाली. "शेवटच्या. डाव्या पिळाचा बंद व्हता. पन मना दाखवायला ऱ्हायला न्हाय."

पुतळाबाई माझ्याकडे पाहत राहिली. मग ती आत गेली आणि येताना माझ्या भावाला घेऊन आली. त्याच्या मुठीवरचा हिरवा धागा तसाच होता, मळला सुद्धा नव्हता.

"तू टाकलेला उचलून पहिली मूठ कापली आनि मना कळलं," ती म्हणाली. "ह्याची खळगी उजव्या अंगाला हाय. माजा आंगठा बसंना. तू तवा बांधावरच व्हतीस राही, चालत व्हतीस. हाक मारली असती तर ऐकू गेली असती."

"मग?"

"सगळ्या बघत व्हत्या."

राहीबाई ओट्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं आता ती चिडेल. सात वर्षं तिने चोर म्हणवून काढली होती, आणि समोरच्या बाईला ते पहिल्या घटकेपासून ठाऊक होतं. पण तिने स्वतःही मला सात वर्षं लपवलं होतं. दोघींजवळ एकेक सत्य होतं. दोन्ही जोडली असती तर एका संध्याकाळीत सगळं मिटलं असतं. उडवीत, वळचणीत, खिळ्यावर आम्ही दोघे भाऊ ती सत्यं सांभाळत बसलो होतो आणि तेवढ्यात शेत गेलं.

मग राहीबाई म्हणाली, "तुजं कापायचं ऱ्हायलंय माज्याकडून. आता कुठं कापू?"

पुतळाबाई उठली. "चल," म्हणाली.

गोडाऊनच्या मागे, पत्र्याची भिंत आणि ओहोळ यांच्यामध्ये, एक तिरका तुकडा भरावातून सुटला आहे. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. हा तिच्या शेताचा तोच कोपरा जिथे शेवटची मूठ ठेवायची. त्या वर्षी पावसातून जे थोडं वाचलं ते तिने कापलं, पण कोपऱ्यातली मूठ तिने कापली नव्हती. ती ज्या बाईने कापायची ती आली नव्हती. मूठ उभीच राहिली, झडली, आणि पुढच्या पावसात आपली आपण उगवली. तेव्हापासून पुतळाबाई दर वर्षी तिथे तेच बी टाकते. कापत कुणी नाही. पाखरं खातात.

गोडाऊनचा वॉचमन खुर्ची घेऊन बसला होता. त्याने दोन विळे पाहून विचारलं, "मौसी, घास काटने आयी क्या?" पुतळाबाई त्याला म्हणाली, "घास नहीं बाबा, खेत है."

तो हसला. हसण्यासारखंच होतं.

दोघी वाकल्या. पुतळाबाई डावीकडे, राहीबाई उजवीकडे. भाऊ राहीबाईच्या हातात, मी पुतळाबाईच्या. तिचा अंगठा खळगीत बसला. पण माझ्यात आता काही उरलं नव्हतं. गंजाने धार खाल्ली होती. जिथे पूर्वी एका ओढीत मूठ सुटायची तिथे चार वेळा ओढावं लागत होतं, आणि काही रोपं मुळासकट वर येत होती. पुतळाबाईलाही धाप लागत होती. दोघी थोडं बोलल्या. काळूरामच्या शेवटच्या आजाराबद्दल पुतळाबाईने विचारलं, राहीबाईने सांगितलं. अर्ध्या तासात तुकडा संपला. शेवटची मूठ पुतळाबाईने सोडली आणि बाजूला झाली. राहीबाईने ती कापली.

सगळं मिळून एक लहानसा भारा झाला. पुतळाबाई बंद पिळायला खाली बसली तेव्हा राहीबाईने तिचा हात धरला.

"थांब गो. आधी विळा दाखव."

पुतळाबाईने मला वर उचलून दाखवलं. मग दोघी हसल्या. हसता हसता पुतळाबाईने तोंडाला पदर लावला, तो काही वेळ काढला नाही.

तो भारा आता याच खोलीत, कोपऱ्यात फ्रिजला टेकून उभा आहे. लादीवर दाणे झडतात. पुतळाबाई ते झाडत नाही. राहीबाई दुपारी येते, दोघी चहा पितात, खिडकीतून गाड्या बघतात. पण त्यांना बोलायला हात रिकामे चालत नाहीत असं मला वाटतं. बोलता बोलता थांबतात आणि हातांकडे बघत बसतात. ओहोळाकाठच्या तुकड्यावर परवा लाल रंगाची खूण झाली आहे. गोडाऊनचं मागचं गेट तिथून निघणार, असं हरेश सांगत होता.

मला पुन्हा धार लावायची असं केसरीनाथ दोनदा म्हणाला. लावू नये. कशासाठी लावायची?

मला एकच मागायचं आहे, आणि ते तुमच्याकडे. तुमच्या घरात वळचणीला, माळ्यावर, कपाटाच्या तळाशी दुसऱ्याची एखादी वस्तू असेल. कशी आली हे सांगायची लाज वाटते म्हणून तिथे राहिलेली असेल. ती खाली काढा. फडक्याने पुसा आणि ज्याची आहे त्याला नेऊन द्या. काय बोलायचं ते वाटेत जुळवू नका, आयत्या वेळी ते आठवत नाही. फक्त उशीर करू नका. शेत आहे तोवर नेऊन द्या.